खंडेनवमीचं उभं बोट

१

मुलांनो, जरा एका टेकडीवर चला. डोळे मिटायचे नाहीत, नाहीतर वाचणार कसं. उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा.

बदनापूरच्या पुढं एक बोडकी टेकडी आहे असं समजा. टेकडीवर लोखंडी मनोरा. मनोऱ्यावर परातीसारख्या दोन मोठ्या थाळ्या, एक औरंगाबादकडं तोंड केलेली, दुसरी परतूरकडं. साल एकोणीसशे सत्त्याहत्तर. तुमच्या मामानं लांबून ट्रंककॉल लावला, तर त्याचा आवाज हवेतून उडत या थाळीत येई, खालच्या खोलीतल्या यंत्रात ताकद घेई आणि दुसऱ्या थाळीतून पुढं जाई. उन्हातून आलेल्या वाटसरूनं ओट्यावर टेकावं, तांब्याभर पाणी प्यावं आणि पुढची वाट धरावी, तसं.

आवाजाला ही ताकद देई यंत्रातली एक काचेची, हातभर लांब नळी. ती परदेशातून आलेली. टेकडीवरच्या या टेलिफोन केंद्रातली माणसं तिला तळहातावर झेलत.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी त्या नळीनं टेकडीवर वादळ उठवलं.

केंद्राच्या पायथ्याशी चार क्वार्टर होती. त्यातल्या एका क्वार्टरमध्ये बेबीनंदा राहायची. सहावीत होती. तिचे वडील धर्मराज केंद्रावर तंत्रज्ञ होते. त्या दिवशी ते ड्युटीवर गेले आणि घटकाभरात परत आले. दारात सायकलची घंटी वाजवली. आत चतुराबाई आजी ज्वारी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. तिला घंटी ऐकूच येत नसे. धर्मराज कडी लावलेल्या दाराबाहेर उभेच राहिले. शेवटी बेबीनंदा परसातून पळत आली आणि तिनं दार उघडलं.

"बाबा, इतक्या जल्दी आले?"

धर्मराजांनी सायकल भिंतीला लावली. "मशीनच्या खोलीत जायची मला बंदी केली बेटा. मी नळी चोरली म्हणून राह्यले."

२

गोष्ट अशी होती. दर महिन्याला नळीची ताकद मोजत. मापक यंत्राची सुई दहावर उभी राहिली की सगळे निर्धास्त. नवी नळी बसवल्यापासून कित्येक महिन्यांत सुई दहावरून हलली नव्हती. या खेपेला वसंता नावाच्या तरुण तंत्रज्ञानं मोजमाप घेतलं आणि सुई साडेआठवरच थांबली.

केंद्राचे प्रमुख काकासाहेब लगेच उठले. माणूस नेटका, शिस्तीचा, शर्टाच्या बाहीची घडीसुद्धा मोजून घालणारा. त्यांनी असं जुळवलं: नवी नळी एका महिन्यात एवढी थकत नाही. म्हणजे आत आहे ती नवी नाहीच. कुणीतरी नवी काढून जुनी, वापरलेली बसवली. तिच्यावरच्या नंबरचं काय? नंबरची चकती चार स्क्रूंवर असते, कोणीही बदलेल. संधी कुणाला होती? खंडेनवमीला सगळे पुढच्या खोलीत हत्यारांच्या पूजेला जमले होते, तेव्हा मागच्या खोलीत यंत्राजवळ एकटा कोण होता?

एकटे धर्मराज होते. बौद्ध झाल्यापासून त्यांच्या घरी पूजाअर्चा नव्हती. पूजेच्या वेळी ते आपणहून म्हणत, "तुम्ही निवांत करा, मशीन मी बघतो." इतकी वर्षं सगळ्यांना ती सोय वाटायची. आता तोच पुरावा झाला.

त्यात आणखी एक. नवी नळी ज्यातून आली ती रिकामी लाकडी पेटी कोठीतून गायब होती, आणि तिच्याशिवाय नळी न फोडता नेणं कठीण.

दुसऱ्या दिवशी सकाळी औरंगाबादहून देवानंद साहेब आले. उपकरणांच्या प्रयोगशाळेत केस पिकलेले अभियंता. खिशात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी आणि चालणं असं सावकाश, की टेकडी चढताना त्यांनी वाटेतले दगडही ओळखून घेतले असतील. संध्याकाळी त्यांना फोनवरून निकाल कळवायचा होता. निकाल धर्मराजांच्या विरुद्ध गेला, तर नोकरी जाणार, क्वार्टर जाणार आणि बेबीनंदाची शाळाही.

तिनं बाबांचा डबा भरला आणि टेकडी चढू लागली.

३

डबा हा निमित्ताचा होता. बाबा फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बसून होते, तिथं डबा ठेवून ती थेट पुढच्या खोलीच्या खिडकीशी गेली. आत टेबलामागं देवानंद साहेब बसले होते. ते एकेकाला बोलवत होते.

आधी चौकीदार रामकिसन आला.

"पेटी कुठं गेली रामकिसन?"

रामकिसननं टोपी काढून पुन्हा घातली. "साहेब, पेटी मी नेली."

काकासाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "आणि काल गप होतास?"

"काल तुम्ही चोर चोर म्हणून राह्यलते. कोंबडी अंड्यावर बसलीय त्या पेटीत. आत बराबर नरम गवत हाय. म्हणलं, आता पेटी आणली तर अंडी वाया जातील, अन् न्हाई आणली तर नोकरी."

"मंग?" काकासाहेबांनी विचारलं.

"मंग अंडी निवडली साहेब."

देवानंद साहेबांनी खाली मान घालून शेंगदाणा सोलला. हसू लपवायला त्यांच्याकडं तेवढंच होतं. पेटीचा प्रश्न मिटला. पण पेटी सापडली म्हणून सुई काही वर गेली नव्हती.

मग वसंता आला. तो जरा घाबरलेला होता.

"मोजताना कोणकोणती बटणं फिरवलीस?"

"मोठं बटण सर, किती मोठी ताकद मोजायची ते ठरवणारं. त्याच्याशिवाय सुई जागची हलतच न्हाई."

"आणि शेजारचं लहान?"

"त्याला आपण कधीच हात लावत न्हाई. आपल्या केंद्राची लहर एकच, ती बदलत न्हाई, म्हणून ते बटणबी बदलत न्हाई. पहिल्या दिवशी ज्यानं लावलं त्यानं लावलं."

"सुई कमी दिसल्यावर मापकच बिघडलं असेल, असं नाही वाटलं?"

"वाटलं ना सर. म्हणून तर परीक्षा घेतली. मापकाच्या पोटातच एक ठरलेल्या ताकदीचा संकेत असतो. मापकाची तार त्यालाच लावायची आन् सुई एकावर येते का बघायचं. बिलकुल एकावर आली. केसभर इकडं न्हाई, तिकडं न्हाई."

देवानंद साहेबांनी स्वतः ती परीक्षा पुन्हा घेतली. खिडकीतून बेबीनंदाला सुई दिसत होती. ती डोलत वर गेली आणि बरोबर एकावर थांबली.

"पाह्यलं?" काकासाहेब म्हणाले. "मापक खरं बोलतंय. मंग खोटं कोण बोलून राह्यलं?"

बेबीनंदानं मागं वळून कडुनिंबाखालच्या बाबांकडं पाहिलं.

४

"खंडेनवमीला या मापकाला कुणी हात लावला होता?" देवानंद साहेबांनी विचारलं.

"कुणीच न्हाई," काकासाहेब म्हणाले. "पूजा मी केली. सगळी यंत्रं या टेबलावर मांडली, पुसली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. झालं."

"म्हणजे तुम्ही हात लावला."

"साहेब, पूजा करणं म्हंजे काय यंत्राला हात लावणं असतं का? हात लावला तो देवाला लावला."

देवानंद साहेबांची नजर खिडकीवर गेली.

"तू कोण गं?"

"बेबीनंदा धर्मराज."

"पूजेच्या दिवशी होतीस इथं?"

"हो. इथंच, खिडकीत. खोबऱ्यासाठी."

"काय पाहिलंस?"

तिनं आठवून आठवून सांगितलं. काकासाहेबांची पाठ दिसत होती. उदबत्तीचा धूर होता. एकेका यंत्रासमोर ते वाकत आणि बोटं मोडत.

"बोटं मोडत?"

"हो. कट, कट, कट असं वाजायचं. मंग हळदीत बोट बुडवून पुढं न्यायचे. प्रत्येक यंत्रापाशी आधी बोटं मोडायचे."

काकासाहेब हसले. "मी काय बोटं मोडतो? पोरीला भास झाला असंल."

"असेल," देवानंद साहेब म्हणाले आणि शेंगदाण्यांची पुडी घेऊन उठले. "मला जरा झाडाखाली बसू द्या. आणि ही पोरगी माझ्याबरोबर येऊ द्या. भास होणारी माणसं मला कामाची असतात."

५

कडुनिंबाखाली धर्मराजांनी जागा करून दिली. डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. देवानंद साहेबांनी अर्धी भाकरी मोडून घेतली.

"साहेब," बेबीनंदानं विचारलं, "तो पोटातला संकेत आणि नळीचा संकेत, दोन्ही सारखेच असतात का?"

चटणीकडं गेलेला हात थांबला. "का विचारलंस?"

"आमची आजी कमी ऐकते. बदनापूरला डॉक्टरांकडं नेलं. ते मागं उभे राहून जाड आवाजात 'चतुराबाई' म्हणाले. आजी म्हणली, 'ओ.' डॉक्टर म्हणले, कान ठणठणीत हाय. पण घरी बाबांची सायकलची घंटी तिला बिलकुल ऐकू येत न्हाई. म्हैस हंबरली की येतं. ढोल येतो. बारीक आवाज जात न्हाई कानात. डॉक्टरांनी घंटी वाजवूनच पाह्यली न्हाई."

देवानंद साहेबांनी भाकरी डब्याच्या झाकणावर ठेवली. ते धर्मराजांना म्हणाले, "तुमची मुलगी कितवीत आहे?"

"सहावीत."

"बरं." मग तिच्याकडं वळून ते सावकाश बोलू लागले, आणि त्यांच्या बोलण्यात आता दगड ओळखणारा तोच संथपणा होता. "ऐक. आवाज म्हणजे हेलकावे. ढोलाचे हेलकावे संथ, घंटीचे भराभर. मनोऱ्यावरून जाते ती लहरही हेलकावेच, फक्त फार फार भराभर. मापकाच्या पोटातला संकेत सेकंदाला पाच कोटी वेळा हेलकावतो. आपल्या नळीची लहर सातशे कोटी वेळा."

"म्हणजे पोटातला ढोल, अन् नळी घंटी."

"अगदी. आता मापकाच्या तारेच्या टोकाला अंगठ्याएवढं धातूचं मुंडकं असतं ना, तो मापकाचा कान. ढोलाची सगळी ताकद तो ऐकतो. घंटीची थोडी ताकद त्याच्या तोंडावरूनच परत फिरते, थोडी वाटेत जिरते. शंभरातले पंच्याऐंशी भाग पोचतात, म्हणू. मग खरी ताकद कशी कळायची?"

बेबीनंदानं जमिनीवर काडीनं रेघा ओढल्या. "किती ऐकू आलं ते बघायचं. अन् आजी शंभरातलं पंच्याऐंशीच ऐकते, हे ठाऊक असलं तर हिशेब करून वाढवायचं."

"ते वाढवायचं काम शेजारचं लहान बटण करतं. त्याला सांगायचं, बाबा रे, या लहरीचे पंच्याऐंशीच भाग तुझ्या कानात येतात. की सुई वाढवून, खरं तेवढं दाखवते. ढोलासाठी ते बटण शंभरावर. घंटीसाठी पंच्याऐंशीवर. प्रत्येक लहरीचा आकडा वेगळा, आणि तो त्या मुंडक्याच्या अंगावरच कोरलेला असतो."

ती उभी राहिली. "मंग आत्ता बटण कशावर हाय?"

देवानंद साहेबही उठले. "तेच बघायला चाललोय. पण मला आधीच माहीत आहे, आणि तुलाही कळेल. वसंता म्हणतो, परीक्षा घेताना लहान बटणाला हात लावला नाही. बटण पंच्याऐंशीवर असतं, तर सुईनं ढोलसुद्धा वाढवून दाखवला असता. एकाच्या पुढं गेली असती. पण ती केसभरही इकडंतिकडं झाली नाही."

"म्हणजे बटण आधीच शंभरावर होतं."

"मापक परीक्षेत पास झालं, हाच त्याचा गुन्हा."

६

मशीनच्या खोलीत सगळे जमले. धर्मराज उंबऱ्याबाहेर थांबले होते. देवानंद साहेबांनी त्यांना हातानं आत बोलावलं. मापकाची तार नळीच्या संकेताला लावली. सुई साडेआठवर. लहान बटणाची खूण सरळ वर, शंभरावर होती. मुंडक्यावर कोरलेले आकडे त्यांनी वसंताला मोठ्यानं वाचायला लावले. सातशे कोटींच्या समोर पंच्याऐंशी होते.

मग त्यांनी बटण फिरवलं. कट, कट, कट. सुई चढत गेली आणि दहावर थांबली.

मग काकासाहेबांनी घसा साफ केला.

"साहेब, रागावू नका. पण बटण फिरवल्यावर सुई चढणारच. अजून फिरवलं तर बारावर न्याल. यानं नळी नवी हाय हे कसं सिद्ध झालं?"

"प्रश्न रास्त आहे. पण पंच्याऐंशी माझ्या मनचे नाहीत, मुंडक्यावर कोरलेले आहेत. आणि दुसरं बघा. नळीची ताकद कंपनीनं दहा लिहिली आहे. दसऱ्याआधी सुई दर महिन्याला दहावर होती. तेव्हाही बटण शंभरावर असतं, तर खरी ताकद पावणेबाराच्या घरात गेली असती. तेवढं बळ या नळीत नाहीच. म्हणजे तेव्हा बटण पंच्याऐंशीवर होतं. नळी तीच आहे, ताकद तीच आहे. फिरलं ते बटण."

काकासाहेबांनी वसंताकडं पाहिलं. "मंग यानंच फिरवलं असंल. परीक्षा घेताना. अन् आता न्हाई म्हणून राह्यला."

वसंताचा चेहरा पडला. "आईशप्पथ काकासाहेब, मी न्हाई."

एका माणसाच्या मानेवरचं जोखड दुसऱ्याच्या मानेवर चाललं होतं. देवानंद साहेब तोंड उघडणार, इतक्यात बेबीनंदा मापकाजवळ गेली.

"वसंताभाऊंनी न्हाई फिरवलं," ती म्हणाली. "हळद बघा."

सगळे वाकले. प्रत्येक बटणाच्या चपट्या तोंडावर खंडेनवमीची खूण अजून होती: हळदीचं एक बोट आणि त्याच्या टोकाला कुंकवाचा ठिपका.

"पूजेत हळदीचं बोट कसं ओढतात? उभं. खालून वर, कपाळाला लावतात तसं. आता हे मोठं बटण बघा. वसंताभाऊंनी पूजेनंतर फिरवलं, म्हणून त्याचं बोट आडवं झालंय, कुंकू बाजूला गेलंय. अन् हे लहान. साहेब, तुम्ही मघाशी फिरवलं ना? ते परत होतं तिथं न्या बरं, शंभरावर."

कट, कट, कट. बटण शंभरावर गेलं. हळदीचं बोट सरळ उभं राहिलं, कुंकवाचा ठिपका थेट वर.

"वसंताभाऊंनी पंच्याऐंशीवरून शंभरावर नेलं असतं, तर बोट शंभरावर तिरपं दिसलं असतं. ते उभं हाय. म्हणजे हळद लागली तेव्हा बटण शंभरावरच होतं. फिरलं ते हळद लागायच्या आधी." मग ती हळूच म्हणाली, "मला बोटं मोडल्यासारखं वाजलं ना, ते बोटं न्हवती."

देवानंद साहेब भिंतीच्या कपाटापाशी गेले. त्यातलं एक जुनं यंत्र त्यांनी बाहेर काढलं. पूजेनंतर त्याला कुणी वापरलं नव्हतं. झेंडूचा सुकलेला हार अजून अंगावर होता. त्याची सगळी बटणं, एकूण एक, खुणा वर करून शिपायांसारखी उभी होती.

काकासाहेबांचा हात नकळत शर्टाच्या बाहीच्या घडीवर गेला.

"मीच," ते म्हणाले. "वाकडीतिकडी होती सगळी. देवापुढं मांडायची, तर तोंडं सरळ असावीत म्हणून एकेक वर केलं. मनाला वाटलंच न्हाई की आपण यंत्र फिरवून राह्यलो. पूजा करतोय, एवढंच वाटलं." ते धर्मराजांकडं वळले. "धर्मराज, तुम्ही पूजेला येत न्हाई, हे मी तुमच्या विरुद्ध धरलं. अन् हात माझाच होता."

धर्मराज म्हणाले, "पुढच्या खंडेनवमीला मला बोलवा काकासाहेब. पूजेला न्हाई. पूजा झाली की बटणं जागेवर आणायला."

रामकिसन दारातून म्हणाला, "मंग पेटी परत आणू का?"

"पिल्लं बाहेर आल्यावर," काकासाहेब म्हणाले.

देवानंद साहेबांनी फोन उचलला. औरंगाबाद लागलं. त्यांनी कळवलं की नळी जागेवर आहे, ताकद पुरी आहे आणि धर्मराज ड्युटीवर आहेत. ते शब्द तारेतून नाही, त्याच मनोऱ्यावरच्या थाळीतून गेले. पूर्ण दहाच्या दहा ताकदीनं.

बेबीनंदा ते ऐकायला थांबली नव्हती. ती टेकडी उतरून रामकिसनच्या गोठ्यात गेली होती. त्याच्या म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यातली एक जाड, घोगऱ्या आवाजाची पितळी घंटा खुंटीला नुसतीच लटकत होती. रामकिसनच्या बायकोला विचारून तिनं ती घेतली. घरी येऊन बाबांच्या सायकलच्या दांड्याला सुतळीनं घट्ट बांधली. मग सायकल बंद दारापाशी आणून उभी केली आणि घंटा हलवली.

ढण्ण, ढण्ण.

आतून ज्वारीचं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कडी निघाली आणि चतुराबाई आजी दारात उभी राहून म्हणाली, "आला का गं माझा धर्मा?"